कँटनची सहल, माझ्या रजेतून

"चायना घूम के आया, राजा का ड्रेस पहन के आया, और अब बोलता है छुट्टी दो!"

आमचा कॅम्प बॉस ओरडत होता. हैदराबादचा माणूस, अंगानं काडीपैलवान, पण आवाज असा की तो कतारला दोह्यात ओरडला की बहारीनच्या कोळ्यांच्या जाळ्यातले मासे पळून जात. माझ्या हातात रजेचा अर्ज होता आणि त्याच्या हातात माझा फोटो. फोटोत मी पिवळ्या रेशमी झग्यात, डोक्यावर मण्यांच्या झालरीची टोपी, मागे तळं आणि धुक्यातल्या टेकड्या. टेबलामागे मोठा साहेब बसला होता. तो फोटोकडे बघे, मग माझ्या ग्रीसनं माखलेल्या डांगरीकडे बघे, आणि पुन्हा फोटोकडे.

अर्ज साधा होता. माझी दोन वर्षं पुरी झाली होती, दोन महिन्यांची रजा हक्काची होती आणि एकुलत्या एका बहिणीचं लग्न होतं. वडील गेलेले. मुहूर्त माझ्या रजेवरून धरलेला; भटजींनी पंचांग नंतर उघडलं, आईनं आधी माझं पत्र उघडलं. लग्नात नवऱ्याचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो, आणि तिला भाऊ एकच, मी. तिनं पत्रात लिहिलं होतं, "दादा, असा पीळ की यांना जन्मभर ऐकू येत राहील."

आता तो फोटो कुठून आला ते सांगतो. या वेळी खरं सांगतो.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. आमची कंपनी समुद्राचं पाणी ओढणारे पंप बसवायची. एकेक पंप म्हशीएवढा, आणि स्वभावही तसाच. साहेबाला कुणीतरी सांगितलं की चीनमध्ये हे पंप चांगले मिळतात. घेण्याआधी चालवून बघायला एक गोरा इंजिनिअर निघाला, आणि पंपाचं पोट उघडायला फिटर म्हणून मी. आमचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असत. त्या दौऱ्यापुरता माझा माझ्या खिशात आला. पासपोर्ट खिशात असला की माणूस दोन इंच उंच होतो. मी चार झालो.

हाँगकाँगहून आगगाडीनं कँटन. त्या सबंध प्रांतालाच आमच्या ऑफिसात कँटन म्हणत. तिथून बसनं एका गावी, आणि गावाच्या टोकाला कारखाना. सहा दिवस मी त्या कारखान्याच्या शेडमध्ये होतो. सिमेंटची जमीन, निळ्या कपड्यांतले कामगार, झाकणाच्या मगातला बिनदुधाचा चहा. पंप चालवायचा, बेअरिंगला हात लावून बघायचा, तापलं की उघडायचा, पुसायचा, पुन्हा चालवायचा. चीन देश कसा असतो असं मला त्या सहा दिवसांत कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, आतून तेलकट असतो.

सातव्या दिवशी दुपारी कारखान्याच्या लोकांनी पाहुणचार म्हणून आम्हाला तळं दाखवायला नेलं. जायला दोन तास, यायला दोन, आणि तळ्यावर एक. पाण्यातून सरळ वर आलेल्या टेकड्या, त्यांच्या कमरेला धुकं. एक बाई एकटीच होडी वल्हवत त्या टेकड्यांमधून गेली आणि दिसेनाशी झाली. सुंदर होतं. इतकं सुंदर की त्यात माझी काही भर घालायला जागाच नव्हती, म्हणून ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. काठावर एक फोटोवाला राजाचा झगा भाड्यानं देत होता. झग्याला हजार राजांच्या घामाचा वास येत होता. मी तो घातला आणि हसलो.

दोह्याला परत आलो तर कॅम्पच्या खोलीत सातजण वाट बघत बसलेले. शुक्रवारची दुपार, कूलर घरघरतोय, बाहेर ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला सोडत नाही. ही माणसं दोन-दोन, चार-चार वर्षं साइट आणि खोली, खोली आणि साइट करत होती. त्यांना मी काय सांगू, बेअरिंग तापत होतं?

सांगितलं मग. सात दिवस बोटीत होतो म्हणून सांगितलं. बोट दुमजली, वल्ह्यांवर चाळीस पोरी. जेवणात शहाण्णव पदार्थ, आणि सत्त्याण्णवावा आणायला माणूस डोंगरापलीकडे गेला तो अजून यायचाय. प्रांताच्या प्रमुखानं मला मिठी मारली आणि भारतातल्या पावसापाण्याची चौकशी केली.

"आन् ह्यो झगा?" बीडकडचा ड्रायव्हर फोटो हातात धरून म्हणाला.

"त्यांनीच घातला. पाहुण्याला घालायचीच रीत आहे."

"आबाबा! लई मोठा झालास की रं!"

रत्नागिरीकडचा वेल्डर तेवढा पडल्या पडल्या म्हणाला, "पंप कोण तपासत होता मग? तुझा आजोबा?" सगळ्यांनी त्यालाच गप्प केलं. थापाड्याला इतके चांगले श्रोते मिळू नयेत. पुढच्या शुक्रवारपर्यंत बोटीला तिसरा मजला चढला होता. आई आणि बहिणीसाठी मी टेपरेकॉर्डरवर बोलून एक अख्खी कॅसेट भरली आणि सुट्टीवर निघालेल्या एकाबरोबर पाठवून दिली. तिच्यात तर पोरी साठ होत्या.

त्या गोष्टी खोलीतून मेसमध्ये गेल्या, मेसमधून बसमध्ये, आणि बसमधून ऑफिसात. माझा अर्ज पोचला तेव्हा माझी बोट आधीच तिथे नांगर टाकून बसली होती.

साहेबानं चौकशी लावली. खोलीतल्या कुणाला तरी बोलवा म्हणाला, तर ड्रायव्हर आपण होऊन उठला, फोटो घेऊन. त्याचं काही चुकलं असं मी म्हणू शकत नाही, आणि इतकी वर्षं त्याचाच मला राग आहे. आमच्याकडे तहसील कचेरीत कुणाचं काम करून घ्यायचं असलं की सोबतचा माणूस आधी त्याला मोठा करतो: साहेब, हे आमच्या गावचे मोठे बागाईतदार, यांच्या शब्दाला फार मान आहे. मग कारकून खुर्ची देतो. ड्रायव्हरनं तेच केलं. साहेबापुढे उभा राहून, छाती काढून त्यानं सांगितलं, "साब, ये तो उधर राजा होके आया. सात दिन पूरा मुलुख देखा. ऐसा आदमी अपने कंपनी में दूसरा नहीं." बाहेर येऊन माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काम झालं समज."

झालंच होतं.

"साहेब, मी सहा दिवस पंप उघडत होतो," कॅम्प बॉसचं ते ओरडणं थांबल्यावर मी म्हणालो. "सहल एका दुपारची."

"आणि सात दिवस बोट?" कॅम्प बॉसनं विचारलं.

"थाप होती."

"शहाण्णव पदार्थ?"

"थाप."

साहेब इंग्रजीत हळूच काहीतरी बोलला. कॅम्प बॉसनं ते चघळून चघळून मला हिंदीत दिलं, "साब पूछते हैं, फिर बहन की शादी?"

ज्या तोंडानं मी चाळीस पोरी वल्ह्यांवर बसवल्या, त्या तोंडाचं 'खरं आहे' आता कोण खरं मानणार? मी आईचं पत्र काढून दाखवलं. ते मराठीत होतं. माझ्या बाजूनं बोलणारा एकच, तो गोरा इंजिनिअर. तो करार संपवून केव्हाच आपल्या देशी गेला होता. कंपनीच्या तिकिटावर परदेशची सहल झाली, म्हणजे रजा भोगली, असा शेरा अर्जावर पडला. पुढची पाळी सहा महिन्यांनी. "खलास," कॅम्प बॉस म्हणाला, आणि या वेळी ओरडला नाही.

पासपोर्ट तिजोरीत होता. मी घरी कळवलं, रजा मिळाली नाही. मुहूर्त पुढे ढकला असं लिहायला घेतलं होतं, पण नवरदेवाकडची माणसं थांबणारी नव्हती.

मुहूर्त दुपारी साडेबाराचा होता, म्हणजे कतारचे दहा. दहा वाजता मी त्याच चिनी पंपाखाली उताणा पडलो होतो, हो, घेतले शेवटी त्यांनी ते पंप. वरून तेल गळत होतं. कान माझ्या एका चुलत चुलत्याच्या पोरानं पिळला, आणि नवरदेव म्हणे हसला.

सहा महिन्यांनी गेलो. बहीण माहेरी आली होती, स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. मी दारात पाटावर बसलो आणि जन्मात पहिल्यांदा एकही शब्द न वाढवता सगळं सांगितलं: शेड, तेल, सहा दिवस, एक दुपार, भाड्याचा झगा, ड्रायव्हर, साहेबाचा प्रश्न. बोट नव्हती म्हणून सांगितलं. पोरी नव्हत्या म्हणून सांगितलं. तिच्या लग्नाला यायला मी किती धडपडलो तेही सांगितलं.

तिनं तव्यावरची पोळी उलटली.

"असेल," ती म्हणाली.