घरात कापूस, अंगावर पुरळ

मैत्रिणींनो, आज मी माझ्या लेकीला दूर लोटलं. दुपारपासून कशातच मन लागत नाही.

छातीच्या कॅन्सरचं रेडिएशन संपून दोन महिने झाले. उजवीकडची कातडी अजून इतकी नाजूक आहे की ब्लाऊजही सहन होत नाही. त्यात कापसाला भाव नाही, म्हणून सगळा कापूस घरातच भरून ठेवलाय. त्यानं घरात सगळ्यांनाच खाज सुटते, पण मी खाजवलं की रक्त येतं. डॉक्टर म्हणाले, कापसापासून दूर राहा. दोन खोल्यांच्या घरात दूर म्हणजे कुठं?

आज माझी सहा वर्षांची पिंकी कापसाच्या ढिगावर खेळून धावत आली, मला बिलगायला. केसात, फ्रॉकवर कापूसच कापूस.

मी ओरडले, "हात नको लावू मले!"

ती मागच्या दारी गेली. थोड्या वेळानं आली ती थंड पाण्यानं आंघोळ करून, कुडकुडत.

"आई, आता घेशीन का मले जवळ?"

डाव्या बाजूनं घेतलं. तरी खाज सुटलीच. सोडलं नाही.

तुमच्यापैकी कोणी यातून गेलंय का? लेकरांना काय सांगितलंत?