पुसलेला ठिपका

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी चहा ओता आणि मला मध्ये टोकू नका. मी मुळात सावकाश बोलणारा. मध्ये कुणी बोललं की धागा तुटतो, आणि उभा जन्म यंत्रमागावर काढलेल्या माणसाला तुटलेला धागा बघवत नाही.

तर काय, फजिती झाली. इंग्लंडातल्या आमच्या मिल्टन कीन्समधल्या यच्चयावत मराठी माणसांना ती ठाऊक आहे. मंडळाच्या हळदीकुंकवात अजून माझ्या नावाने खसखस पिकते. पिकू दे! मी कुणाची माफी मागितलेली नाही आणि मागणारही नाही.

आमच्या घरामागून लाल डांबराची सायकलवाट जाते. रेडवे म्हणतात तिला. ती सोडून फाटकातून आत शिरलं की एका शेतकऱ्याचं रान लागतं, आणि त्या रानाच्या बरोब्बर मधून माणसांची वाट! मुलाने आम्हा दोघांना इकडे आणलं, तेव्हा पहिल्याच दिवशी माझी बायको शालन फाटकापाशी अडून बसली.

"अहो, दुसऱ्याच्या पिकातून कुठं निघालात? काठी घेऊन येईल तो!"

"आई, पब्लिक फूटपाथ आहे. कायद्याने राइट आहे आपल्याला," आमचा नीलेश म्हणाला.

कायदा असेल. तरीही पुढे कित्येक दिवस ती तिथल्या मेंढ्यांना "आलो हं, लगेच जातो" असं सांगूनच पुढे जायची.

रान ओलांडलं की जंगल. ओक, बीच, सगळी रुंद पानांची झाडं. हिवाळ्यात पार उघडीबोडकी, आणि वसंतात खाली निळ्या फुलांचा असा सडा की पाऊल ठेवायला जीव होत नाही. त्या जंगलात एक ओक आहे. बुंधा दोघांच्या कवेत न मावणारा, फांद्या चहूबाजूंनी पसरलेल्या. शालनने त्याला पाहिलं आणि म्हणाली, "हा आपला वड."

आता इथे वडाचं झाड कुठून येणार? मंडळातल्या बायका वटपौर्णिमेला वडाचं चित्र प्रिंट करून कम्युनिटी हॉलच्या खांबाला चिकटवायच्या आणि त्याला सूत गुंडाळायच्या. शालनला ते पटेना. "कागदाला काय मागायचं? कागद स्वतः पावसात टिकत नाही, तो मला सात जन्म काय देणार?" दरवर्षी ती ओकाकडेच जायची. ती सूत घेऊन फेऱ्या मारायची आणि मी तिची पर्स धरून बाजूला उभा.

एकदा एका कुत्रेवाल्या गोऱ्याने विचारलं, हे काय चाललंय? शालनने माझ्याकडे बोट दाखवलं. "हसबंड. सेम. सेव्हन टाइम्स." त्याने मला टोपीपासून बुटापर्यंत न्याहाळलं आणि तिला म्हणाला, "गुड लक!"

शालन जाऊन आता दोन हिवाळे झाले. मी मात्र जातो. मुळावर बसतो. काही बोलत नाही. तिच्यासमोर तरी कुठे बोलायचो!

तर गेल्या शरदात एका सकाळी गेलो आणि बघतो तर काय? आमच्या ओकाच्या छातीवर भगवा ठिपका! भाकरीएवढा! ताज्या रंगाचा!

तुम्हाला वाटेल, ठिपका तो ठिपका. पण आमच्या गावाकडे रस्ता रुंद करायचा ठरला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या चिंचांना असाच रंग लावून गेले होते. लोक म्हणाले, सरकार झाडं मोजतंय, चांगलं आहे. पुढच्या उन्हाळ्यात चिंचा नव्हत्या, बुडखे होते. तेव्हापासून झाडाला रंग दिसला की मला कुऱ्हाडच दिसते. त्यात इथे वाटेवर, पानांच्या ढिगात, पंजावालं एक पिवळं यंत्र येऊन उभं होतं.

कुणाला विचारायला हवं होतं? हो, आता सगळे हेच म्हणतात. पण बकऱ्याने कसायाला विचारायचं का, बाबा, सुरी कशाला आणलीस?

मी तडक घरी आलो. स्वयंपाकघरातून तारेची घासणी घेतली आणि शालन डोक्याला लावायची त्या खोबरेल तेलाची बाटली.

"बाबा, कुठे निघालात?" सूनबाईने, केतकीने, विचारलं.

"डोक्याला तेल लावतो जरा."

"घासणी घेऊन?"

मी दार ओढून बाहेर पडलो. कमी बोलणाऱ्या माणसाला हा एक फायदा असतो.

तेलाने रंग सुटतो, हे धुळवडीपासून ठाऊक होतं. आधी तेल चोळलं, मुरू दिलं, मग हलक्या हाताने घासलं. सालीच्या भेगांमधून रंग निघता निघेना. "दुखतंय का रे?" असं मी दर थोड्या वेळाने विचारत होतो. दुपारपर्यंत ठिपका पार नाहीसा झाला. ओक असा तुकतुकीत दिसत होता, जणू लहान मूल न्हाऊमाखू घालून बसवलंय.

तेवढ्यात जीनबाई आल्या. रोज फिरायला येणाऱ्या माझ्याच वयाच्या बाई. त्यांचा कुत्रा थेट ओकाला जाऊन चाटायला लागला. मी माझ्या तोडक्या इंग्रजीत आणि दोन्ही हातांनी सांगितलं की रंग, मशीन, झाड खलास. जीनबाई लालबुंद झाल्या. "ओव्हर माय डेड बॉडी!" म्हणाल्या. बाई मला आवडल्या.

संध्याकाळी पवारला फोन केला. पवार माझा इथला दोस्त. स्लाऊमध्ये जन्मभर बस चालवली, आता लेकीजवळ राहतो. आवाज अजून डबलडेकरचा.

"कदम, नुसतं पुसून भागत नाही! ते उद्या परत लावतील. बसायला पाहिजे!"

"बसतो की. रोज बसतोच."

"तसं नाही रे! धरणं!"

आणि त्याने ते मंडळाच्या व्हॉट्सॲपवर टाकलं. त्याने धरणं लिहिलं होतं, त्याची शपथ आहे. पण सकाळपर्यंत फिरत फिरत त्याचं झालं, 'कदमकाकांचं आमरण उपोषण'! अहो, मला मधुमेह आहे! मी वेळेवर दोन घास खाल्ले नाहीत तर आमरण लगेचच संपेल! पण ऐकतो कोण?

शनिवारी सकाळी मी लोकरीची कानटोपी घातली, शालननेच विणलेली, घडीची खुर्ची घेतली आणि तिच्या पूजेच्या डब्यातली सुताची गुंडी घेतली. ओकाला सूत गुंडाळायला लागलो.

पवार ओरडला, "कदम, वेड लागलं का? बायकांचं व्रत आहे ते!"

"असू दे."

"अरे, सात जन्म हीच बायको मिळावी म्हणून कुठला पुरुष फेऱ्या मारतो का कधी?"

"मग मारायला नकोत का?" मी म्हणालो. "तिनेच काय मक्ता घेतलाय? वर एकटीच वाट बघत बसेल आणि इथून काहीच मागणी नाही, बरं दिसतं का ते?"

पवार पुढे झाला. म्हणाला, "थांब, तिकडचं टोक मी धरतो."

शेवटी मी तेच सूत स्वतःच्या कमरेलाही गुंडाळलं आणि मागावरची गाठ मारली. ती गाठ ओढली तर आणखी आवळते. झाड तोडायचं असेल तर आधी कदमला तोडा!

अकरा वाजेपर्यंत अर्धं मंडळ हजर. वॉटफर्डहून दोन गाड्या आल्या. कुणीतरी ताशा आणला. उपोषणाला पाठिंबा म्हणून बायकांनी बटाटेवडे आणले. उपोषणाला! मला झाडामागे जाऊन गुपचूप एक खाता आला असता, पण मी बांधलेला. मग काय, सगळ्यांसमोर खाल्ला. दोन खाल्ले.

जीनबाईंनी त्यांचे कुत्रेवाले आणले. पवार घोषणा देत होता, "कोण म्हणतो तोडणार?" आणि आमच्यासोबत ती गोरी मंडळी हात वर करून ओरडत होती, "नाही! नाही!" एवढं शुद्ध मराठी आमच्या इथे जन्मलेल्या पोरांनाही येत नाही.

नीलेश घामाघूम होऊन आला. "बाबा, प्लीज! पोलीस आले तर? आणि तिकडे बघा, माझा मॅनेजर उभा आहे, त्याच्या डॉगला घेऊन."

"त्याला वडा दे."

"बाबा, घरी चला."

"बसलो तर बसलो."

"पण किती वेळ?"

"तुझ्या आईला विचार," मी म्हणालो. तो माझ्या खुर्चीशेजारी खालीच बसला, चिखलात, ऑफिसच्या चांगल्या पॅन्टमध्ये.

आणि मग हिरवी जीप आली.

खाली उतरली एक दणकट पोरगी. डोक्यावर हेल्मेट, कमरेला रंगाचा स्प्रे. नाव रूथ, ह्या जंगलाची देखभाल तिच्याकडे. ताशा थांबला. ती माझ्यासमोर आली, सुताकडे पाहिलं, वड्यांच्या डब्याकडे पाहिलं आणि काहीतरी विचारलं. केतकी मध्ये उभी राहून मला मराठीत सांगायला लागली.

"बाबा, ती विचारते, तुम्ही इथे का बसलात?"

"सांग तिला, हे झाड तोडू देणार नाही. काय वाट्टेल ते झालं तरी!"

केतकीने सांगितलं. रूथचा चेहरा असा झाला, जसा फुकट्या प्रवाशाऐवजी पासवाल्याला पकडल्यावर कंडक्टरचा होतो. ती बराच वेळ बोलली. आणि केतकी मात्र हळूहळू बोलायची थांबली.

"काय म्हणते? सांग की!"

"बाबा... ती म्हणते, जंगलात फार दाटी झालीय. झाडांना ऊन मिळत नाही. म्हणून काही झाडं काढायचीत आणि चांगली ठेवायचीत."

"म्हणजे विरळणी!" मी म्हणालो. लहानपणी ज्वारीत केलेलं काम. जोमदार रोप ठेवायचं, त्याच्या आजूबाजूची उपटायची. त्यात समजायला काय अवघड?

"हो. आणि बाबा, ठिपका लावला होता तो... जी ठेवायची आहेत त्या झाडांना."

जंगलात कुठेतरी एक पान पडलं, ते मला ऐकू आलं.

"ती म्हणते, हे सगळ्यात देखणं झाड. म्हणून पहिला ठिपका तिने ह्यालाच लावला होता. सोमवारी मशीनवाला येणार. तो फक्त रंग बघतो. ज्याला ठिपका नाही, ते जाणार." केतकीने बुंध्याकडे बघितलं. "ती विचारते, ह्याचा ठिपका गेला कुठे?"

मी पवारकडे पाहिलं. पवारने आभाळाकडे पाहिलं. नीलेशने माझ्याकडे पाहिलं. आणि तेवढ्यात जीनबाईंचा तो गुणी कुत्रा पुढे झाला आणि ठिपक्याची जागा नेमकी हेरून, मिटक्या मारत चाटायला लागला. रूथ वाकली. बोट फिरवलं, वास घेतला.

"कोकोनट?" ती म्हणाली.

त्यावर केतकी माझ्याकडे वळली. "बाबा! घासणी!"

पवारला अखेर कंठ फुटला. "म्हणजे कदम, आपलं हे आंदोलन नक्की कुणाविरुद्ध चाललं होतं?"

"माझ्याविरुद्ध," मी म्हणालो.

हसा, हसा! तिथेही असेच हसले सगळे. नीलेशचा मॅनेजर तर वडा हातात धरून खाली बसला. मी मात्र ओकावर हात ठेवून बसलो होतो. शालनच्या झाडाला मरण आणलं होतं ते मीच, तिच्याच डोक्याचं तेल लावून! बसलो नसतो तर सोमवारी ते गेलं असतं. म्हणून सांगतो, पुसलं ती चूक, पण बसलो ते बरोबर. त्यावर मी आजही ठाम आहे.

उठायला गेलो तर उठता येईना. मागावरची गाठ! रूथने ओढली, नीलेशने ओढली, मी स्वतः ओढली. ती आणखी आवळली. शेवटी रूथने तिची झाडं कापायची कात्री आणली. सोमवारी यायचं ते हत्यार शनिवारीच आलं, आणि चाललं फक्त माझ्या कमरेवर.

मग तिने स्प्रे माझ्या हातात दिला. म्हणाली, तूच पुसलास, तूच लाव. आता तुम्हीच सांगा, मराठी माणसाच्या हातात भगवा रंग दिला आणि ठिपका एवढाच लाव म्हटलं, तर तो ऐकेल का? मी समोरून लावला, मागून लावला, बाजूंनी लावला. शेंदूर चढवलेल्या म्हसोबासारखा झाला ओक! रूथ "इनफ! इनफ!" म्हणत होती, पण मशीनवाल्याची नजर अधू असली तर?

डबा काढून घेताना तिच्या अंगठ्याला रंग लागला. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तो अंगठा हळूच माझ्या कानटोपीवर, कपाळाच्या जागी टेकवला. केतकीने अर्थ सांगितला, "बाबा, ती म्हणते, हे म्हातारंसुद्धा ठेवायचंय."

झाड उभं आहे. आजूबाजूची काढल्यावर पहिल्यांदाच त्याच्या मुळावर ऊन येतं. मी तिथेच बसतो.

घरी आल्या आल्या केतकी म्हणाली होती, "बाबा, ती टोपी द्या इकडे. व्हाइट स्पिरिटने डाग निघून जाईल."

मी दोन्ही हातांनी टोपी गच्च धरली.

"खबरदार! ठिपका पुसला की काय होतं, ते मला विचार!"