दसऱ्याला न आलेला मेसेज

सिंधूमावशी गेल्याची बातमी मला लॉकर उघडल्यावर कळली. अंबडला आमच्या कारखान्यात मशीनवर मोबाईल न्यायला बंदी आहे. जेवणाच्या सुट्टीत लॉकर उघडला तर अकरा मिस्ड कॉल, सगळेच्या सगळे मखमलाबादहून, मावशीच्या घरून. आमच्या घरात एक मिस्ड कॉल म्हणजे ‘पोचलो’, दोन म्हणजे ‘गाडी घेऊन ये’. अकरांचा अर्थ कुणी कधी ठरवलाच नव्हता... पण तो कुणाला विचारावाही लागला नाही. सकाळी शेवंती तोडता तोडता मावशी वाफ्यातच खाली बसली, “जरा पाणी द्या” म्हणाली, आणि पाणी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. याला आता पाच आठवडे झाले. लोकांना रडू येतं, मला राग येतो. तेराव्याला पंगतीत बसलेले दोन-तीन जण कढी ओरपत म्हणत होते, “बाई मनाची चांगली, पण भांडखोर.” भांडखोर? अहो, ती कुणाशी भांडली, कशासाठी भांडली, हे विचारायची तसदी तरी घेतलीत का कधी? त्या पंगतीत मला घास गिळवेना, म्हणून हे लिहायला बसलोय.

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. रेखा चौथीत असताना मावशीचा नवरा गेला. तेव्हापासून एकरभर फुलांवर मावशीने संसार ओढला. पहाटे तोडायची, आठच्या आत बाजारात विकायची. घर एकत्र होतं आणि घरात शब्द चालायचा तो थोरल्या दिरांचा, मुरलीधरकाकांचा. रेखा डी.एड. झाली आणि शिक्षणसेवक म्हणून तिची निवड झाली ती थेट सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर, गुजरातच्या हद्दीला लागून. तीन वर्षं मानधनावर काढायची, मग नोकरी कायम. मधेच सोडली तर सगळं पाण्यात. काका म्हणाले, “एकटी पोर तिकडं डोंगरात ठेवायची? आपल्यात असं नाय चालत. स्थळं बघा.” मावशी चार दिवस त्यांच्यासमोर जेवली नाही. शेवटी काकांनी अट घातली: रोज संध्याकाळी पोरीची खुशाली या घरात कळली पाहिजे, ज्या दिवशी कळणार नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी जीप करून तिला घेऊन येणार, सामानासकट. मावशी म्हणाली, “मान्य.” तोवर तिने मोबाईल हातातसुद्धा धरला नव्हता!

ही दोन हजार चार-पाचची गोष्ट. तेव्हा मोबाईल घेणं म्हणजे स्थळ बघण्यापेक्षा अवघड. मेनरोडच्या दुकानात मी तिला घेऊन गेलो. दुकानदाराने काउंटरवर चार कंपन्यांची चार पत्रकं पसरली. यात इनकमिंग फुकट, त्यात रात्री स्वस्त, इथे व्हॅलिडिटी जास्त पण टॉकटाइम कमी, तिथे टॉकटाइम फुल्ल पण मेसेज महाग... मी फिटर माणूस, मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारा, पण माझंही डोकं गरगरलं. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते राहू द्या. सुरगाण्याला लागतो का, तेवढं बोला.” तो म्हणाला, “मावशी, अख्ख्या इंडियात लागतो.” त्यावर ती उठलीच. “फूल बघितल्याबिगर मी पैसे देत नाय. चल रे संजू.”

आणि खरंच, पुढच्या रविवारी ती बघायला निघाली. माझा मोबाईल, शेजारच्या डॉक्टरांचा आणि बाजारातल्या आडत्याचा, असे तीन कंपन्यांचे तीन मोबाईल मागून घेतले. टोपलीत ओलं फडकं पसरलं, त्यावर कोरडं, आणि त्यात हे तिन्ही ठेवले. फुलं तशीच न्यायची असतात ना! मी कपाळावर हात मारून घेतला. वणी, बोरगाव करत जीप घाटात शिरली तशी दोन मोबाईलच्या सिग्नलच्या कांड्या पार नाहीशा झाल्या. शाळेच्या ओट्यावर पोचलो तर आडत्याच्या मोबाईलवर पाचच्या पाच कांड्या! मावशीचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू. “हाच घ्यायचा,” म्हणाली. तेवढ्यात त्या मोबाईलवर एक इंग्रजी मेसेज आला, गुजरातमध्ये तुमचं स्वागत आहे, असा. मी तो वाचला. जाहिरात असेल म्हणून पुसून टाकला. आमच्या दोघांत इंग्रजी वाचणारा मी एकटा होतो, आणि मी तो पुसून टाकला.

मग काय व्हायचं ते झालं. मायलेकींनी त्याच कंपनीचे दोन मोबाईल घेतले. मावशी रोज सहाला फोन लावायची, दोघी पाच-सात मिनिटं बोलायच्या, मावशी मोठ्याने “बरी हाय ना गं?” असं म्हणायची म्हणजे ओसरीवर काकांना ऐकू जावं. इनकमिंग फुकट असं पत्रकावर छापलेलं. तरी रेखाचा बॅलन्स चार दिवसांत खलास! पुन्हा भरला, पुन्हा खलास. तिसऱ्या वेळी काकांनी ओसरीवरून विचारलं, “पोरगी बोलते कुणाशी एवढी?”

मला लाज वाटते सांगायला, पण सांगतो. मीही रेखाला विचारलं. “खरं सांग, कुणाला फोन करतेस?” “दादा, तू पण?” एवढंच म्हणाली आणि फोन ठेवून दिला. मावशीने मात्र एकदाही विचारलं नाही. “माझी पोर मला ठाऊक हाय. पैसे मोबाईल खातो, पोरगी नाय,” असं तिने काकांना तोंडावर सुनावलं आणि मला घेऊन कॉलेज रोडला कंपनीच्या एसी ऑफिसात जाऊन बसली. तिथे दीड तासाने एका टायवाल्या साहेबाने कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, “मॅडमचा हँडसेट गुजरातचा टॉवर पकडतोय. रोमिंग लागतंय. रोमिंगमध्ये इनकमिंगला चार्ज असतो.” म्हणजे पोरगी शाळेच्या ओट्यावर महाराष्ट्रात उभी, आई मखमलाबादला महाराष्ट्रात उभी, आणि त्यांचं बोलणं गुजरातला जाऊन येत होतं, त्याचं भाडं पोरीच्या बॅलन्समधून! आणि त्यासाठी तिच्या अब्रूवर शिंतोडे. मावशी म्हणाली, “हे लिहून द्या.” साहेब हसला. “असं लिहून देत नाहीत, मावशी.” काकांना तिने तोंडीच समजावलं. त्यांना किती पटलं, देव जाणे.

कंपनी बदलली. दुसऱ्या कंपनीची एक कांडी पाड्यामागच्या टेकडीवर यायची, पण बोलणं तुटायचं, मिस्ड कॉलचाही भरवसा नव्हता. मग रेखानेच तोड काढली. महिन्याचा मेसेजचा पॅक मारायचा. शाळा सुटली की टेकडी चढायची आणि मेसेजमध्ये फक्त एक आकडा पाठवायचा: ‘1’. एक आला म्हणजे सगळं ठीक. मावशीला मेसेज उघडायचं मी शिकवलं. सहा वाजले की ती हात धुऊन, पदराला पुसून मोबाईल घेऊन ओसरीत बसायची. टुंग वाजलं की काकांच्या दिशेने मोबाईल धरायची, “आला बघा,” आणि उठून चुलीकडे जायची. दीड वर्ष हे असं चाललं. टेकडी पावसाळ्यात निसरडी व्हायची, रेखा दोनदा पडली, तरी एक आला नाही असं झालं नाही.

मग दसरा आला. फुलवाल्यांचा दसरा म्हणजे काय असतो हे तुम्हाला सांगायला नको. पहाटेपासून बाजारात उभं राहायचं, ओरडून ओरडून घसा बसतो, बोटं झेंडूने पिवळी होतात. रेखाला एकच दिवस सुट्टी, त्यात सणाला जीपा बंद, म्हणून ती पाड्यावरच राहिली. संध्याकाळी मी सोनं द्यायला मखमलाबादला गेलो तेव्हा मावशी ओसरीत मोबाईल घेऊन बसली होती. सहा वाजून गेले. साडेसहा... सात. काका झोपाळ्यावरून म्हणाले, “काय झालं? आला का?” मावशीने बटणं दाबली, मोबाईल वर धरला, “आला की मघाशीच. हा बघा एक.” काकांनी लांबूनच मान डोलावली. मीही आपट्याची पानं देऊन, आशीर्वाद घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला निघालो तर मावशी दारात. काल बाजारात नेसलेलं तेच लुगडं. “सुट्टी टाक. सुरगाण्याला जायचंय.” काकांना काय सांगितलं विचारलं तर म्हणाली, “उधारी वसुलीला जाते म्हणलं.” बोरगाव गेल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाली, “काल एक आलाच नाय, संजू. परवाचा दाखवला मी.” म्हणजे ही बाई आदल्या संध्याकाळपासून उरावर धोंडा घेऊन होती, पोरीचं बरंवाईट झालंय की काय या विचारात, आणि तरी काकांसमोर हसून मोबाईल धरला, चार भाकऱ्या थापल्या, मला सोनं दिलं! का? तर खरं बोलली असती तर काकांनी पोरीला सामानासकट आणलं असतं आणि दीड वर्षाची नोकरी गेली असती. मी ओरडलो तिच्यावर, जीपमधल्या माणसांसमोर. “आणि काही झालं असलं तर?” ती म्हणाली, “तर मी जन्मभर भोगीन. पण झालं नसलं तर तिची नोकरी कशाला घालवू?”

रेखा वर्गात पाढे म्हणून घेत होती. मावशी दारातच थांबली. धावली नाही, रडली नाही. “काय गं, कालचा एक कुठं ठेवला?” रेखाने खडू खाली ठेवला आणि तिथेच हुंदके द्यायला लागली. टेकडीवर अंधार पडेपर्यंत पाठवत होती म्हणे, जातच नव्हता. पॅक शिल्लक, महिना शिल्लक, तरी जाईना.

परत येताना आम्ही घरी न जाता थेट कंपनीच्या ऑफिसात. आणि काय कळलं? सणाच्या दिवशी पॅक चालत नाही! दसरा, दिवाळी, नवं वर्ष, त्या दिवशी प्रत्येक मेसेजला पूर्ण पैसे, आधीच्या सणांना बॅलन्स होता म्हणून ते कळलं नव्हतं, या वेळी रेखाच्या मूळ बॅलन्समध्ये तेवढेही नव्हते. पत्रकावर लिहिलंय म्हणे. पत्रक मी डोळ्यांजवळ नेलं तर खाली एक तारा, आणि ताऱ्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत ते. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी काउंटरवर मूठ आपटली. मावशीने माझा हात धरून बाजूला केला आणि त्या साहेबाला म्हणाली, “सायेब, मीही दसऱ्याला झेंडू महागच विकते. चाळीसचा शंभर करते. पण भाव ओरडून सांगते, घेणाऱ्याच्या तोंडावर. त्याला परवडलं तर घेतो, नाय तर पुढं जातो. आधी पैसे घ्यायचे आणि सणाच्या दिवशी फुलंच द्यायची नाय, असा धंदा मी नाय बघितला.” साहेब म्हणाला, “मावशी, सगळ्याच कंपन्या असं करतात.” “मग सगळ्यांना सांगा, सिंधूबाई असं म्हणते म्हणून.” दोन तास ती उठली नाही. शेवटी भरपाई म्हणून त्यांनी काय दिलं ठाऊक आहे? महिनाभर फुकट कॉलर ट्यून! तीही महिना संपल्यावर आपोआप चालू राहिली आणि पैसे कापायला लागली. तेव्हा ती पुन्हा गेली भांडायला, आणि लोक म्हणतात भांडखोर.

रेखाची तीन वर्षं झाली, नोकरी कायम झाली, तिथूनच जवळच्या केंद्रशाळेत बदली झाली. कायम झाल्याचं पत्र आल्यावरही एक येणं थांबलं नाही; आता काकांसाठी नव्हे, मावशीसाठी. या सगळ्याला पाचेक वर्षं झाली; हल्ली म्हणे सेकंदाला पैसा पडतो, जिकडे तिकडे जाहिराती लागल्यात, कंपन्या जणू दानधर्म करायला निघाल्यात. चालू द्या.

तेराव्याला काका पाहुण्यांना सांगत होते, “पोरीला डोंगरात नोकरीला धाडायचं धाडस मी केलं. त्या काळात कोण धाडत होतं?” आयत्या बिळावर नागोबा! माझा घास हातातच राहिला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वाढायला आलेली रेखा थांबली. शांतपणे म्हणाली, “काका, त्या दसऱ्याला माझा मेसेज आलाच नव्हता. आईनं तुम्हाला आदल्या दिवसाचा दाखवला होता.” काका म्हणाले, “मग ती... ती त्या रात्री जेवली होती. माझ्या समोर बसून जेवली होती.” “हो,” रेखा म्हणाली. “तुमच्या समोर बसून.” आणि भाजीचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडे गेली. काका पानावरून उठले नाहीत, पण पुढे काही खाल्लंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी रेखाला जीपपर्यंत सोडायला गेलो. मावशीचा मोबाईल तिच्या पर्समध्ये होता, चार्ज केलेला. म्हणाली, “दादा, काल सहाला हात आपोआप मोबाईलकडे गेला. एक टाइप केला... मग बसून राहिले. पाठवायचा कुणाला?”

मी म्हटलं, “मला पाठव की. मी आहे ना.”

ती माझ्याकडे बघून हसली, अगदी मावशीसारखी. “तुला नको रे. तू विचारशील, चिडशील, कंपनीत जाऊन भांडशीलही. पण एखाद्या दिवशी नाही आला, तर खोटं बोलून जेवायला बसणं तुला जमायचं नाही.”

जीप भरली, सुटली. त्या संध्याकाळी साडेपाचपासून मी मोबाईल हातात घेऊन बसलो होतो. नाही आला. रोज बसतो. काल बायको म्हणाली, “चिडताय कुणावर एवढे?” मी म्हटलं, चिडलो नाहीये, वाट बघतोय.