फुलपँट घालून ऐकलेलं भजन

अल्लीपूर सोडलं त्या दिवशी पोरानं गाडी थेट दारापाशी आणली होती. म्या सांगतलं, "तू गाडी घेऊन वर्ध्याले हो पुढं. मी थिथवर येष्टीनं येतो, मंग पुढं तुह्या शहराले संगच जाऊ." तो चिडला. "बाबा, एवढी गाडी असताना?" पण दारातून गाडीत बसून चोरासारखं निघून जानं माह्यानं झालं नसतं. मानसानं गाव सोडाचं तर लोकाइच्या समोरून सोडावं.

बायको गेली तवापासून पोरगा मांगंच लागला होता, एकटे राहू नका म्हणून. मंग म्या त्याच्या फ्लॅटमंधी राहाले हो म्हटलं. स्टँडवर आमचं भजनमंडळ सारं आलं होतं. बापूराव, जलमभर माह्या बाजूले बसून टाळ वाजवणारा, त्यानं खिडकीतून हात आत घातला. "करमन का गा तुले थिथं?"

"काऊन नाई करमनार? मी काय लेकरू आहो?"

माह्या घरचे बुढे म्हणत, "परमुलखात रडगानं गायाचं नाई, गावाची लाज जाते." ते म्या डोक्यात पक्कं बांधून आणलं. म्हणून बापूरावचा फोन आला का मी सांगतो, मस्त करमते. बगीचा हाये, लिफ्ट हाये, नातू हाये. तुमच्यातले जे कोणी माह्यासारखे पोराइच्या मांगं आले असतील, तेही असंच सांगत असतील. मले काही शिकवू नका.

नातू तेजस दिसभर घरीच कंप्युटरवर काम करते. उरलेल्या टायमात मोबाईल समोर लावून त्याच्याशी बोलते. पुरुषानं कोणत्या पँटीवर कोणता शर्ट घालावा, कोणाचं गानं समोर जाऊन ऐकावं, कोणता पिक्चर पाहावा, याचे व्हिडिओ करते. बोलते चांगलं. पण "मित्रांनो, या या" म्हणून सुरुवात करते, तर पयले पयले मले वाटे कोणी पाव्हणे आले. मी टोपी घालून बाहेर येत जाओ. कोणीच नसे.

नातवाची मान खाली जाऊ नये म्हणून म्या निघताना धोतरं पेटीत टाकली अन् हिंगनघाटून दोन फुलपँटी शिवून आणल्या. येथं येऊन पाहतो तर पोट्टं खादीची बंडी घालून उभं! अस्सल माह्या बापाच्या बंडीसारखी. म्हणते, "आबाजी, हे खरं मेन्सवेअर. तुमचं धोतर कुठंय? घाला ना, काय लूक येईल!"

"लूक आनाले मी काय नाटकातला आहो?" मी म्हटलं. घातलंच नाई. जे आपन नेसतो ते कोणाले दाखवाले नेसत नाई.

पिक्चरचं तसंच. आमी गावातले दहा-बारा जन मिळून वर्ध्याले पिक्चर पाहाले जाओ. खलनायकाले शिव्या देओ, वापस येताना बसमंधी भांडन, हिरो बरोबर होता का त्याचा बाप. येथं तेजस कानाले डबडं लावून एकटाच पाहते. एकदा मले बसवलं. म्या इचारलं, "हा कोन होय?" त्यानं बोट ओठावर ठेवलं. "आबाजी, बघा फक्त." पाह्यला. संपल्यावर तो उठला अन् मोबाईलसमोर जाऊन पिक्चर कसा होता ते सांगू लागला. मी बाजूलेच बसलो होतो.

मंग एक दिवस मले लाइव्ह म्युझिकले घेऊन गेला. "भजनच आहे आबाजी, पण गिटारवर." मी फुलपँट घातली. हिरव्या लॉनवर सारे पोट्टेपोट्टी उभे, हातात मोबाईल. गाणारा पोरगा गळ्याचा साफ होता, खोटं काऊन बोलू. त्यानं एक ओळ म्हटली अन् थांबला.

आता ज्यानं भजन केलं त्याले मालूम हाये, बुवानं ओळ टाकली का मांगच्याइनं ती उचलाची असते. खाली पडू द्याची नाई. इतक्या लोकाइत कोणीच उचलेना. म्हणून म्या उचलली, पुऱ्या गळ्यानं. अन् आजूबाजूले चिडीचूप. मी अर्ध्यात सोडणारा मानूस नाई, पुरी म्हटली. मंग टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या, साऱ्याइचे मोबाईल माह्याकडं फिरले. तेजसचाही. तो खुश होता, हसून राह्यला होता. "कमाल केलीत आबाजी!" त्यानं तो व्हिडिओ टाकला, अन् लोकाइनं खूप पाह्यला म्हणे.

अल्लीपुरातही पाह्यला. सकाळीच बापूरावचा फोन. म्या मनात म्हटलं, आता चिडवन बुढा, फुलपँटीवरून तर नक्कीच. पन पँटीचं त्यानं नावच काढलं नाई.

"काऊन गा," तो म्हणे, "एकटाच म्हणून राह्यला होता? बाकीचे मुके होते का?"

म्या म्हटलं, "येथं लोक ऐकतेत. म्हणत नाई."

 तो मंग हळूच म्हणे, "अन् तू आमाले सांगतं, मस्त करमते."

म्या फोन या कानाचा त्या कानाले लावला. तो म्हणे, "येजो. पोळ्याच्या सणाले येजो. मंडळ हाये अजून."

म्या म्हटलं, "पाहू." एवढ्या लवकर हो म्हणाची मले सवय नाई.

आता घर म्हटलं का मले ती विटामातीची खोली आठवत नाई. तिची चावी बापूरावपाशी हाये, वाळवी लागली तं लागो. माहं खोटं एका नजरेत वळखनारे लोक जेथं बसले हायेत, तेवढीच जागा माही.

येथं तेजस चांगला पोरगा हाये. कालच जेवताना मोबाईल बाजूले ठेवून त्यानं मायेनं इचारलं, "आबाजी, आता करमतं ना तुम्हाला?"

म्या म्हटलं, "हो."

त्याले ते खरं वाटलं.