चोळीतला कापूस

वयात आल्यावर माझी उजवी छाती रीतसर भरली, डावी मात्र होती तशीच राहिली. जन्माचीच उणीव ती. पण आमचे हे गिरणीत, त्यामुळे घरात कापसाला तोटा नव्हता. चोळीची गाठ मारण्याआधी डावीकडे एक बोळा सारायचा की झाले! आरशात आपली कारागिरी बघून मीच खूश होत असे.

पहिल्यांदा दिवस गेले आणि माझे हसू पळाले. एका बाजूवर मूल पोसेल का? नाही पोसले तर मला माहेरी धाडतील, हीच धास्ती. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, मी कसलाच पत्ता लागू दिला नव्हता. त्या सांगोल्याकडच्या, शेळ्यामेंढ्यांच्या घरातल्या. बाजारात आचळाचे सड चाचपल्याशिवाय शेळी घेत नसत.

शेवटी तपासणीला दवाखान्यात गेलो, तेव्हा आत्याबाईंना बाहेर बाकावर बसवले. विलायतेत शिकून आलेल्या डॉक्टरीणबाईंना मी हळूच विचारले, "कापून-शिवून काही होतं का हो?"

बाईंचा आवाज खणखणीत. "होतं ना! मोठी बाजू कापून लहान करतात, पण त्यात दुधाच्या वाटा तुटू शकतात. कुणी पोटाची चरबी काढून लहान बाजूत भरतात, ती पुढे जिरून जाते. पूर्वी मेणही टोचत, त्याच्या गाठी झाल्या. तुम्ही आत्ता काही करू नका. बाळाला एक बाजू बहुधा पुरेल, नाहीतर वरचं दूध आहेच. मूल मोठं झालं की मुंबईला दाखवा."

बाहेर आले तर आत्याबाई पदर सावरत उभ्या. दाराला नुसता पडदा होता, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

टांग्यात बसलो. मी मनातल्या मनात माहेरचे बोचके बांधायला घेतले. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "सोलापूरच्या उन्हात मेण भरत्यात व्हय? लई शानी मानसं!"

एरवी मी खो-खो हसले असते. "आत्याबाई, आता माझं काय?"

"शेळी घेताना आमी सड बघतो. तुला बघाय आलो तवा निस्तं तोंड बघितलं."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. डोळ्यांना धार लागली.

त्यांनी माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. "रडतीस कशापायी? समदं बघितलं असतं तरी तुलाच आणली असती की."