हाताने आवळलेले दोन नट

डॉक्टर मॅडमनी एक्स-रेचा फोटो उजेडाच्या पेटीवर लावला आणि पेनाच्या टोकाने दोन जागा दाखवल्या. "मँडिबल फ्रॅक्चर आहे, दोन ठिकाणी," त्या म्हणाल्या. मँडिबल म्हणजे खालचा जबडा. एक भेग हनुवटीच्या डाव्या बाजूला होती. दुसरी उजव्या कानाच्या पुढे, जिथे जबडा डोक्याला जोडलेला असतो तिथे. त्या जागेला कंडाइल म्हणतात. माणूस हनुवटीवर पडला की धक्का वर जातो आणि कानापाशी हाड मोडतं.

मला सगळं ऐकू येत होतं, पण दुसऱ्याच कोणाचं चाललंय असं वाटत होतं. मॅडमनी टाचणीचं टोक माझ्या खालच्या ओठाला लावून विचारलं, "टोचतं?" मी मान हलवून नाही म्हटलं. हनुवटीला लावलं, तिथेही नाही. त्याला पॅरेस्थेसिया म्हणतात, म्हणजे बधिरपणा. जबड्याच्या हाडातून एक नस जाते, ती दबली होती. काही महिन्यांत ती जागी होते, कधी पूर्ण होत नाही, असं मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "कशा पडल्या?"

माझ्या तोंडात कापूस होता. उत्तर माझ्या नवऱ्याने, म्हणजे यांनी, दिलं. "पुढचं चाक निघालं जी. मिस्त्रीनं ट्यूब बदलली आणि नट ढिले सोडले."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून हो म्हटलं.

ते खरं नव्हतं. हे मला मान हलवतानाच माहीत होतं.

मी चौथीपर्यंत शिकले. नागपुरात सक्करदऱ्याकडच्या चार घरी पोळ्या करते आणि सायकलने जाते. मला चारचौघांत बोलता येत नाही. किराण्याच्या दुकानात गर्दी असली तर ती सरेपर्यंत मी बाजूला उभी राहते. हे बुटीबोरीला सूतगिरणीत फिटर आहेत. घरात पाने, पकडी, हातोड्या यांच्याच.

आमच्याकडे नवमीला हत्यारं पुजतात. पाटावर यांची हत्यारं, माझी विळी, कात्री, सगळं मांडायचं, हळदकुंकू वाहायचं. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या दुपारपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. सायकलही धुऊन पुजायची असते. पुढच्या चाकाच्या आसाला सुतळी आणि केस गुंडाळले होते, म्हणून मी यांचा पाना घेऊन चाक काढलं आणि सायकल, चाक दोन्ही मागे मोरीपाशी धुवायला नेलं. मला वेळ लागला. परत आले तर यांनी अंगणातला पाना उचलून, पुसून, पाटावर ठेवला होता. उदबत्ती लागली होती.

"झाली पूजा. आता कोणी हात नका लावू," हे म्हणाले.

मला पाना हवा आहे, एवढं बोलायचं होतं. मी बोलले नाही. चाक बसवलं आणि दोन्ही नट हाताने आवळले, बोटं दुखेपर्यंत. झेंडूची माळ घातली. दसरा झाला की पान्याने आवळू, असं ठरवलं. दसऱ्याला दिवसभर लोक सोनं द्यायला येत होते. दुसऱ्या दिवशी हे हत्यारं घेऊन कामावर गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी तलावाच्या रस्त्यावर, गतिरोधकावर, पुढचं चाक निसटलं. मी ते चाक एकटंच पुढे जाताना पाहिलं. त्यानंतरचं आठवत नाही.

आता नथ्थूजींचं सांगते. ते आमच्या वस्तीच्या तोंडाशी सायकली दुरुस्त करतात. सत्तरीचे आहेत. नवमीच्या पंधरा दिवस आधी त्यांनीच त्या चाकाची ट्यूब बदलली होती. मी चाक काढलं होतं हे यांना माहीतच नव्हतं, म्हणून यांना नथ्थूजीच आठवले.

दुसऱ्या दिवशी मला तार बांधली. आधी वरच्या आणि खालच्या हिरड्यांजवळ एकेक पट्टी बसवतात, तिला आर्च बार म्हणतात. मग दोन्ही पट्ट्या तारेने एकमेकींना आवळतात. तोंड बंदच राहतं. चार आठवडे. या बंद करण्याला आयएमएफ म्हणतात. तोंड तसंच बंद राहिलं की हाड आपोआप जुळतं.

मॅडमनी यांना सांगितलं, "तार कापायची पक्कड कायम यांच्या उशाशी ठेवा. उलटी झाली तर ती बाहेर यायला हवी, नाहीतर श्वास अडकेल." यांनी आपली पक्कड उकळत्या पाण्यात घालून आणली. ती माझ्या उशाशी पांढऱ्या फडक्यात असायची. ज्यांच्या घरी असं कोणी असेल त्यांनी ही गोष्ट विसरू नये. आमच्या समोरच्या खाटेवरच्या बाईला कोणी सांगितलंच नव्हतं. आमचं पाहून तिच्या सुनेने नर्सला विचारलं.

खाणं म्हणजे वरणाचं पाणी, ताक, मुगाचं कढण. गालाच्या आतून सिरिंजने सोडायचं. ओठ बधिर, त्यामुळे कधी गळतंय ते कळायचं नाही. पल्लवी, माझी मुलगी, पुसायची. ती दहावीत आहे. तिने मला एक वही आणून दिली. काही हवं असलं की मी त्यात लिहायची. पाणी. उशी. बाबा जेवले का.

शेजारच्या वच्छलाबाई भेटायला आल्या. माझ्या तोंडात वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही तशीबी कुठं बोलत होती वं? डॉक्टरनं तार फुकट वाया घातली." आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका हसल्या. मीही हसले असेन, चेहऱ्यावरून मला कळलं नाही. मग त्यांनीच सांगितलं की हे नथ्थूजींच्या दुकानावर जाऊन आले. चार माणसं घेऊन गेले होते. रस्त्यावर खूप बोलले. "म्हातारा काही नाही बोलला," वच्छलाबाई म्हणाल्या. "फक्त हातातला पाना पाहत राहिला."

चौथ्या दिवशी नथ्थूजी वॉर्डात आले. हातात दोन शहाळी होती. माझ्या पायांकडे उभे राहिले.

"बाई, मी आवळले होते नट," ते म्हणाले. "म्हणजे, मले वाटते आवळले होते. पन्नास वर्सं झाले हेच काम करून राहिलो. पण आता डोळे पहिल्यासारखे नाहीत. मले खात्री नाही राहिली जी."

"खात्री नाही तं दुकान काहून उघडता?" हे म्हणाले.

"तेच इचार करून राहिलो," नथ्थूजी म्हणाले.

वही माझ्या उशीखाली होती. पेन वहीत होतं. मी सलाइनकडे पाहत राहिले. एकेक थेंब पडत होता. मला भीती वाटली असं म्हणता येत नाही. लाजही वाटली नाही. काहीच वाटलं नाही. ते गेले. शहाळ्याचं पाणी पल्लवीने मला सिरिंजने पाजलं, तेही मी प्यायले.

आठव्या दिवशी घरी आले. दिवस एकसारखे होते. मी भिंतीला टेकून बसायची. कामाच्या घरी दुसरी बाई लागली होती. दर सोमवारी तारेची पाहणी असायची. त्या रांगेत मी जबडा मोडलेली इतकी माणसं पाहिली की मला वाटलं, सगळं नागपूर तोंडावर पडलं आहे. बहुतेक मोटरसायकलवाले. सायकलची मी एकटी.

पल्लवी शाळेतून येताना नथ्थूजींचं सांगायची. ते आता फक्त हवा भरतात आणि पंक्चर काढतात. चाक, ब्रेक, हँडल याला हात लावत नाहीत. आधी दुरुस्त केलेल्या सायकलींच्या मालकांना हाक मारून थांबवतात आणि सगळे नट पुन्हा पाहतात, एकेक नट तीन-तीनदा. मुलं त्यांना चिडवतात. "आई, ते महिनाअखेरीस हत्यारं विकून टाकणार आहेत," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी हे कामावरून आले तेव्हा मी वही त्यांच्यापुढे ठेवली. मी लिहिलं होतं, नवमीला चाक मी काढलं. नट हाताने लावले. नथ्थूजींची चूक नाही.

यांनी दोनदा वाचलं. "पाना मागाले काय झालं होतं तुले?"

मी लिहिलं, पूजेत होता.

"मी खाल्लं असतं काय तुले?" वहीतलं ते पान फाडलं, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, "राहू दे आता. मी एवढं बोललो लोकायसमोर. आता कोणत्या तोंडानं जाऊ? विसरतात लोकं."

मी त्यांना दोष देत नाही. मला ते लिहायला तीन आठवडे लागले होते.

चार आठवड्यांनी तार काढली. तोंड जेमतेम एक बोट उघडलं. मॅडमनी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दिल्या. दातांमध्ये काड्यांची चळत धरायची आणि दोन दिवसांनी एकेक काडी वाढवायची. त्या विचारत होत्या, "दुखतं का?"

मी म्हटलं, "चाकाचे नट मीच लावले होते."

"कोणते नट?"

मी सांगितलं, त्या दिवशी कागदावर चुकीचं लिहून घेतलं. मॅडमनी फाइल उघडली, वरची ओळ वाचली. "अहो, यात फक्त 'सायकलवरून पडून' एवढंच आहे," त्या म्हणाल्या. "आम्हाला तेवढंच लागतं."

म्हणजे ती गोष्ट कुठेच लिहिलेली नव्हती. ती फक्त एका म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात होती.

माझ्यासारखं कोणाला होऊ नये, पण झालं तर मला कळलेलं सांगते. चाकाचा नट हाताने कितीही आवळला तरी तो आवळलेला नसतो. पान्यानेच आवळावा लागतो, आणि चार दिवसांनी पुन्हा पाहावा लागतो, कारण खड्ड्यांनी तो सैल होतो. पाना देवापुढे असला तर सायकलही तिथेच उभी ठेवावी. आणि दवाखान्यात विचारतात, कसं झालं, तेव्हाच खरं सांगावं. तोंड बंद असेल तर लिहून द्यावं. नंतर सांगणं दर दिवसाला जड होत जातं.

दवाखान्यातून परतताना हे मला वस्तीच्या तोंडाशी सोडून बुटीबोरीला गेले. मी घरी न जाता दुकानापुढे उभी राहिले. दोन माणसं बाकावर बसली होती. तिसरा सायकल धरून उभा होता, त्याच्या मागच्या चाकाचा नट सैल झाला होता आणि नथ्थूजी त्याला सांगत होते, "दुसरीकडं ने गा. मी नाही करत."

माणसं जातील म्हणून मी थांबले. ती जाईनात. मग मी बोलले. तोंड उघडत नव्हतं, ओठ बधिर, शब्द फुटत नव्हते.

"काय म्हणता? जराशा जोरानं बोला बाई," नथ्थूजी म्हणाले.

मी पुन्हा बोलले. बाकावरची माणसं वळून पाहायला लागली. नथ्थूजींनी कानाला हात लावला. तिसऱ्या वेळी मी आयुष्यात बोलले नसेन इतक्या मोठ्याने म्हटलं, "नट मी लावले होते. नवमीला. हातानं. तुमी नाही."

नथ्थूजींनी मला स्टूल दिलं. "पाना काहून नाही लावला?"

"पूजेत होता."

बाकावरचा एक हसला. नथ्थूजी हसले नाहीत. "मी आवळलेले नट तुमीच काढले होते तं," ते म्हणाले. "काढताना कसे होते? घट्ट होते?"

"खूप घट्ट होते. पान्यावर पाय द्यावा लागला."

ते दुकानाच्या चौकटीला धरून खाली बसले. मग म्हणाले, "मी दवाखान्यात तुमच्या पायापाशी उभा होतो बाई. तवा सांगाले पायजे होतं."

मी हो म्हटलं. त्यांनी मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्यांनी मला बसायला दिलं आणि माझं ऐकून घेतलं, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. त्यांना वाटलं असतं तर तेही मला चार माणसांत बोलू शकले असते.

मग ते उठले. सायकलवाला अजून तिथेच होता. नथ्थूजींनी त्याच्या हातून सायकल घेतली, पाना लावला, नट एकदा आवळला आणि सायकल परत दिली.

"दुसऱ्यांदा नाही पाहत काय?" त्याने विचारलं.

"पायलं ना गा," नथ्थूजी म्हणाले आणि हात पुसायला फडकं शोधू लागले.