जाऊबाईंचा अल्बम आणि एक कोपर

माझ्या थोरल्या जाऊबाई शिवणकाम करायच्या. आमच्या गल्लीतल्या अर्ध्या लोकांच्या कंबरा त्यांना तोंडपाठ आहेत, आणि वाढल्या की त्या तोंडावर सांगतात. खांद्याने दगा दिला तेव्हा डॉक्टरांनी मशीन बंद करायला लावलं. जाऊबाईंनी मशीनवर चादर घातली आणि पुढचा महिनाभर कुणाशी धड बोलल्या नाहीत. त्यांना काहीतरी उद्योग मिळू दे, असं मी रोज देवाला सांगत होते. माझाही स्वार्थ होता. टीप वाकडी आहे म्हणून त्या वरच्या मजल्यावरून खाली येऊन माझे पडदे उसवायला लागल्या होत्या.

देवाने त्यांच्या लेकीच्या हातून टॅबलेट पाठवला. त्यावर फोटोंचा अल्बम करता येतो. फोटोतलं माणूस बोटाने कापायचं, रंगीत पानावर लावायचं, भोवती फुलं, फिती, पिना, सगळं काचेवरच. ना डिंक, ना कचरा. जाऊबाई दोन दिवसांत तरबेज झाल्या. पण कचरा झाल्याशिवाय काम केल्यासारखं वाटत नाही म्हणाल्या आणि त्यांनी जोडीला कागदकामही काढलं. जुन्या कॅलेंडरची पाकिटं झाली, खोक्यांच्या वेष्टनाची फुलं झाली. वाचायला मिळावं म्हणून भाऊजी वर्तमानपत्रावर बसून राहू लागले. मला कागदी फुलांचे तीन गुच्छ मिळाले. दोन देवापुढे ठेवलेत.

टॅबलेटवर माणूस कापतानाही जाऊबाई भोवती अर्धं बोट जास्त ठेवतात. शिलाईसाठी कापड सोडायची हाताची सवय. एक बटण दाबलं की माणूस कडेकडेने आपोआप सुटतो, हे लेकीने दाखवलं होतं. जाऊबाईंनी एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "हा शिंपी नाही, खाटीक आहे."

त्यामुळे त्यांच्या अल्बममधला प्रत्येक जण आपल्याबरोबर थोडी भिंत, थोडा पडदा घेऊन फिरतो.

मग ह्याच लेकीचं, म्हणजे माझ्या पुतणीचं, लग्न ठरलं. तिचे लहानपणापासूनचे फोटो हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर दाखवायचे ठरले आणि ते काम अर्थातच जाऊबाईंकडे आलं. निमंत्रणाची पाकिटंही त्याच करणार होत्या, प्रत्येकावर कागदाचं एक फूल. अडचण एकच होती. जाऊबाईंची धाकटी बहीण. तिला सगळे धाकटीच म्हणतात. धाकटीने आपल्या मुलाच्या लग्नात त्याला तयार कोट विकत आणला होता. जाऊबाईंनी भर पाहुण्यांत सांगितलं की कॉलर बसलेली नाही. धाकटी म्हणाली, "तू लग्नाला आलीस की मापं घ्यायला?" तेव्हापासून दोघी एकमेकींचं तोंड बघत नाहीत.

"आई, मावशीला बोलवायचं," पुतणी म्हणाली.

"तिला कापडातलं काही कळत नाही."

"लग्नाला बोलवायचंय. दुकानात ठेवायचं नाहीये."

"विषय संपला," जाऊबाई म्हणाल्या आणि कात्री शोधू लागल्या. ती त्यांच्या हातातच होती.

पुतणी खाली माझ्याकडे येऊन बसली. ती लहान असताना जाऊबाई दिवसभर मशीनवर असत आणि धाकटी रोज येऊन तिला सांभाळत असे. "काकू, मावशी नसेल तर मी लग्नात उभी राहीन," ती म्हणाली, "पण मला हसायला सांगू नका."

मी देवाला सांगितलं. भाऊजींनाही सांगून पाहिलं. ते म्हणाले, "मी त्या दोघींच्या मध्ये पडत नाही. एकदा पडलो होतो."

अल्बम तयार झाल्यावर आम्हाला वर बोलावणं आलं. पानं सुंदर होती. धाकटी कुठेच नव्हती. म्हणजे तशी नव्हती. पहिल्या पानावर बाळाच्या काखेत चार बोटं होती. दुसऱ्यावर एक कोपर. शाळेच्या पहिल्या दिवशीच्या फोटोत मुलीच्या कानामागे अर्धा अंबाडा.

मग भाऊजींनी चष्मा पुसला. "हे कोपर बऱ्याच पानांवर आहे," ते म्हणाले. "ह्या कोपराला निमंत्रण गेलंय का?"

"तुम्ही गप्प बसा."

पुतणी उठून आत गेली. जाऊबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, "कडेने कापते. त्यात काय," आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ते खाटकाचं बटण दाबलं. बोटं गेली, कोपर गेलं. आता बाळ हवेत बसलेलं दिसू लागलं. जाऊबाईंनी त्याच्याखाली ढग लावला. मग उशी. मग एक मोठं सूर्यफूल.

"पडेल ती," भाऊजी म्हणाले.

जाऊबाईंनी सूर्यफूल काढलं आणि बाळाखाली स्वतःची मांडी लावायची म्हणून स्वतःचा फोटो शोधू लागल्या. सगळे फोटो वरून खाली, खालून वर पाहिले. कधी त्यांनीच फोटो काढला होता, कधी त्या नुसत्याच नव्हत्या. बराच वेळ त्या काचेवर बोट फिरवत राहिल्या. मी मनातल्या मनात जप सुरू केला, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

मग त्यांनी फोन उचलला.

"मी बोलतेय," त्या म्हणाल्या. "हिच्या लहानपणीचा माझा फोटो आहे का तुझ्याकडे? तिच्याबरोबरचा."

धाकटीचा आवाज मोठा आहे, आम्हाला सगळं ऐकू आलं. "एक आहे. तू मशीनवर बसलीयेस, ती तुझ्या पायाशी चिंध्या खातेय. मीच काढला होता. पाठवू का?"

"पाठवू नकोस," जाऊबाई म्हणाल्या. "घेऊन ये. आणि लग्न होईपर्यंत राहा, पाकिटं खूप आहेत."

आतल्या खोलीचं दार उघडलं. पुतणी तिथेच उभी राहिली, पुढे आली नाही.

धाकटी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. रुसवाफुगवा, रडणं यातलं काहीही झालं नाही, मी मुद्दाम वर जाऊन बसले होते. धाकटीने टॅबलेट मांडीवर घेतला आणि आणलेल्या फोटोतून बहिणीला कापायला घेतलं.

"कान गेला माझा," जाऊबाई म्हणाल्या.

"बारीक होता. दिसत नाही."

"सगळ्या हॉलला दिसेल. मुलीची आई आणि एका कानाची!"

"मग हलू नकोस."

"फोटोत कशी हलणार मी?"

"तू हलशील."

पुतणी दोघींच्या मध्ये पाकिटं चिकटवत बसली होती आणि डिंकाने बरबटलेल्या हाताने तोंड झाकून हसत होती. माझी प्रार्थनेची वेळ झाली म्हणून मी खाली आले. देवासमोर बसले तरी वरून कानाचंच ऐकू येत होतं. मी आज काही मागितलं नाही.